ग्रोथ हॉर्मोन घेतल्यावर वाढलेले ते अडीच किलो कसले?

प्रश्न असा आहे: "वय २९, राहायला भांडुपला, नोकरी बीकेसीत. वजन ७६ किलो, पोट ३७ इंच. दीड वर्ष जिम करतोय, हातपाय सुधारले पण पोट हलत नाही. ट्रेनर म्हणतो, रोज ४ युनिट ग्रोथ हॉर्मोन तीन महिने घे. त्याच्याकडे येणाऱ्या माझ्या एका मित्राने ८ आठवडे घेतलं. जिममधल्या मशीनवर त्याची चरबी घटलेली दिसली, मसल अडीच किलोने वाढला, वजन मात्र जवळपास तेवढंच. माझ्या बाबांना मधुमेह आहे. माझी उपाशीपोटीची साखर गेल्या महिन्यात १०४ आली. हे घ्यावं का? शरीरात नेमकं काय होतं? निदान महिनाभर घेऊन पाहिलं तर?"

तुमच्या मित्राचे आकडे मला खरे वाटतात. ग्रोथ हॉर्मोनने चरबी घटते, त्यातही पोटाच्या आतली जास्त घटते, याबद्दल आम्हा एंडोक्राइनवाल्यांमध्ये, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांमध्ये, दुमत नाही. शंका आहे ती त्या अडीच किलोंबद्दल. आणि तुमच्या त्या १०४ बद्दल, जो तुम्ही जाता जाता लिहिलाय आणि मला सगळ्यात आधी दिसला.

पहिली अडचण नावाची. 'ग्रोथ' म्हटलं की लोकांना उंची आठवते, नाहीतर दंड. माझ्याकडे दादरच्या क्लिनिकमध्ये याला सरसकट 'उंचीचं इंजेक्शन' म्हणतात. पण हाडांची टोकं जुळून उंची थांबल्यावरही मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी हे हॉर्मोन आयुष्यभर सोडतच असते. तेव्हा ते उंचीसाठी नसतं. मोठ्या माणसात त्याचं मुख्य काम, माझ्या भाषेत सांगायचं तर, उपाशी पोटाची व्यवस्था बघणं.

पोट भरलेलं असताना कारभार इन्सुलिनकडे असतो. आलेली साखर पेशींत भरा, उरलेलं चरबीत साठवा. जेवून बरेच तास झाले, रात्र झाली, उपास लांबला, की ग्रोथ हॉर्मोन पुढे येतं. घरात पगार आलेला नसताना शहाणी बाई काय करते? बँकेतली ठेव मोडते, अंगावरच्या सोन्याला हात लावत नाही. इथे ठेव म्हणजे चरबी आणि सोनं म्हणजे स्नायूंतली प्रथिनं. ग्रोथ हॉर्मोन चरबीच्या पेशींना साठा फोडायला लावतं आणि मोकळी झालेली फॅटी ॲसिडं रक्तात येतात. स्नायू, हृदय, यकृत त्यावर चालतात आणि प्रथिनं वाचतात. ही बचत किती, हे मोजलेलं आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना जवळपास दोन दिवस उपाशी ठेवून त्यांचं ग्रोथ हॉर्मोन दाबून टाकलं, तेव्हा लघवीतून जाणारा प्रथिनांचा नायट्रोजन साधारण दीडपट झाला.

पोटात साखर गेली की मात्र हे हॉर्मोन काही तास खाली बसतं. आमची एक तपासणी यावरच उभी आहे. पिट्युटरीत गाठ होऊन हे हॉर्मोन बेसुमार सुटतंय असा संशय असला की ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास रक्त घेतो. निरोगी माणसात पातळी जवळजवळ तळाला जाते, त्या रुग्णात जात नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात ना, ती साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी म्हणजे या हॉर्मोनच्या दृष्टीने उपास नव्हेच. (आई-आजींना हे सांगायला जाऊ नका. मी एकदा सांगितलंय.)

दुसरी गोष्ट, हे हॉर्मोन सतत वाहत नाही, लाटांनी येतं. सगळ्यात मोठी लाट गाढ झोप लागल्यावर पहिल्या तासाभरात. रक्तात त्याचं अर्धायुष्य जेमतेम वीसेक मिनिटांचं, पण लाट ओसरल्यानंतर दोन-तीन तासांनी फॅटी ॲसिडांची पातळी चढलेली दिसते. म्हणून सकाळी दहा वाजता काढलेल्या एका रक्ताच्या थेंबावरून काहीही सिद्ध होत नाही. 'फुल बॉडी'च्या पॅकेजमध्ये हल्ली हीसुद्धा तपासणी घालतात. आकडा ०.१ येतो, आणि धडधाकट माणूस कागद घेऊन माझ्यासमोर बसतो, 'डॉक्टर, माझं ग्रोथ हॉर्मोन संपलं.' दोन लाटांच्या मधल्या वेळी रक्त घेतलं तर सगळ्यांचंच 'संपलेलं' असतं. अंदाज घ्यायचा तर आयजीएफ-१ बघतात. ते ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृत बनवतं, दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहतं, आणि वयानुसार वाचावं लागतं. कमतरता ठरवायची तर त्याच्याही पुढे जाऊन पिट्युटरीला औषधाने उत्तेजन देऊन चाचणी करावी लागते.

तुमच्या ट्रेनरने कदाचित हेही सांगितलं असेल की पोट सुटलेल्यांचं ग्रोथ हॉर्मोन कमी असतं. खरं आहे. पण कार्यकारणाची गाडी उलटी जोडलेली आहे. पोटाच्या आतली चरबी वाढली की पिट्युटरीच्या लाटा बुटक्या होतात, आणि पोट उतरलं की परत उंचावतात. बहुतेकांच्या बाबतीत ही कमतरता हा रोग नसून पोटाचा परिणाम असतो.

आता अडीच किलो.

खरी कमतरता असलेल्या माणसांत या औषधाने काय होतं, ते १९८९ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं. २४ प्रौढ रुग्ण, सहा महिने. औषध मिळालेल्यांची चरबी सरासरी ५.७ किलोने उतरली, चरबी सोडून बाकीचं वजन ५.५ किलोने वाढलं. म्हणजे काट्यावर जवळपास शून्य फरक, आणि आतली मांडणी पार बदललेली. तुमच्या मित्राचं 'वजन तेवढंच' याच जातीचं.

पुढच्याच वर्षी, १९९० साली, अमेरिकेत साठीच्या पुढच्या २१ पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या १२ जणांना सहा महिने इंजेक्शन दिलं. चरबीविरहित वजन ८.८ टक्के वर, चरबी १४.४ टक्के खाली. तारुण्य परत आणणारं औषध सापडल्याची हवा तिथून सुरू झाली आणि अजून पूर्ण उतरलेली नाही. त्या प्रयोगात ताकद मोजलेलीच नव्हती. नंतर ज्यांनी मोजली त्यांना ती वाढलेली दिसली नाही. निरोगी वृद्धांवरचे प्रयोग २००७ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा सरासरी २.१ किलो चरबी कमी आणि २.१ किलो बाकीचं जास्त, असा हिशेब निघाला. सोबत सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या, काही पुरुषांत छाती वाढणं. पुढच्या वर्षी तरुण, व्यायाम करणाऱ्यांवरच्या प्रयोगांचा हिशेब आला. पुन्हा २.१ किलो, आणि ताकदीत फरक नाही.

दोन किलो 'मसल' येतो आणि ताकद येत नाही, हे कसं? कारण तो सगळा मसल नसतो. चरबीविरहित वजन म्हणजे स्नायू अधिक हाडं अधिक अवयव अधिक पाणी. ग्रोथ हॉर्मोन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं आणि मिठामागे पाणी येतं. पेशींच्या बाहेरची जागा त्याने भरते. सिडनीत ९६ हौशी खेळाडूंवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २ मिलिग्रॅम, म्हणजे ६ युनिट, ८ आठवडे. चरबी घटली. चरबीविरहित वजन वाढलं, पण मोजून पाहिल्यावर ती वाढ पेशींबाहेरच्या पाण्याची निघाली. वजन उचलण्याची ताकद, उडी, दमसास यांत फरक नाही. सायकलवरच्या छोट्या स्प्रिंटमध्ये मात्र ३.९ टक्के सुधारणा दिसली, हेही सांगायला हवं. शर्यतीत तेवढ्याने पदक इकडचं तिकडे होऊ शकतं, म्हणून खेळांत यावर बंदी आहे आणि असावी. थांबवल्यावर सहा आठवड्यांनी ती सुधारणाही उरली नव्हती.

आणि तुमचं जिममधलं मशीन? त्यावर अनवाणी उभं राहून मुठी धरायच्या, ते पायातून हातात बारीकसा विद्युतप्रवाह सोडतं. पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून अडतो. त्या अडथळ्यावरून ते आधी पाणी काढतं, पाण्यावरून चरबीविरहित वजन, आणि त्यावर गणित करून 'मसल' छापतं. अंगात दीड लिटर पाणी साठलं तरी ते आनंदाने मसलच छापणार. क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणारा महागडा डेक्सा स्कॅनसुद्धा स्नायू आणि पाणी वेगळं सांगू शकत नाही. मित्राला मशीनचा कागद मागू नका. अंगठी घट्ट झाली का, सकाळी बोटं जड वाटतात का, लोकलमध्ये वरची कडी धरल्यावर हात बधिर होतो का, हे विचारा. मनगटातल्या अरुंद बोगद्यात पाणी साठलं की नस दाबली जाते. क्लिनिकमध्ये मला या औषधाचा पहिला सुगावा अनेकदा त्या मुंग्यांवरूनच लागतो. मुलगा आधी कबूल करत नाही.

थोडी भर स्नायूंच्या आजूबाजूच्या ऊतीत पडते. कंडरा, आवरणं, त्यातलं कोलॅजन वाढतं. पण आकुंचन पावून वजन उचलणारे धागे वाढवणं हे निरोगी तरुणात या हॉर्मोनच्या आवाक्यातलं काम दिसत नाही. १९९२ च्या एका अभ्यासात तरुणांना १२ आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला, काहींना सोबत इंजेक्शन. मांडीच्या स्नायूंचा घेर, ताकद, प्रथिननिर्मितीचा वेग, सगळं दोन्ही गटांत सारखं. वजनांनी जे केलं ते वजनांनीच केलं. व्यायामानंतर ग्रोथ हॉर्मोनची लाट येते म्हणून स्नायू वाढतात, हे जिममधलं आवडतं स्पष्टीकरणही टिकलेलं नाही. लाट येते, स्नायूही वाढतो, पण दोघांचा संबंध फारसा जुळत नाही.

निसर्गाने स्वतःच केलेला प्रयोग बघायचा तर ॲक्रोमेगली. पिट्युटरीच्या गाठीतून वर्षानुवर्षे हे हॉर्मोन ओतलं जातं. या माणसांच्या अंगावर चरबी कमी असते, हात भक्कम, जबडा रुंद. हस्तांदोलन केलं की वाटतं पैलवान आहे. आणि तोच माणूस सांगतो, 'डॉक्टर, सीएसएमटीचा जिना चढवत नाही.' स्नायू दिसायला मोठे, कामाला दुबळे. रक्तदाब, हृदय जाड होणं, घोरणं, आणि बऱ्याच जणांत मधुमेह. इकडे लालबाग-परळच्या तालमीतला जुना माणूस अशा शरीराला 'सुजलेलं अंग' म्हणाला असता, आणि त्याला एमडी करावं लागलं नसतं.

आता तुमचे १०४.

रक्तात फॅटी ॲसिडं वाढली की स्नायू तेच जाळायला लागतात आणि साखर नको म्हणतात. उपाशी असताना हे उत्तमच आहे. असलेली थोडी साखर मेंदूसाठी राखली जाते. पण तुम्ही उपाशी नाही. सकाळी इंजेक्शन, मग ओट्स, दुपारी डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेरचा वडापाव, आणि शरीराला मात्र चोवीस तास संदेश जातोय की दुष्काळ पडलाय, साखर स्नायूत घेऊ नका. यकृतही साखर सोडत राहतं. मग साखर आवरायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. हे ज्ञान नवं नाही. अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय यांनी दाखवलं होतं की स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्युटरीही काढली तर त्याचा मधुमेह सौम्य होतो. साखरेच्या चयापचयातलं पिट्युटरीचं स्थान दाखवल्याबद्दल त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. आमच्याकडे हे रोज दिसतं ते टाइप १ मधुमेहाच्या पोरांत. वयात येताना ग्रोथ हॉर्मोन आयुष्यात सर्वांत जास्त असतं आणि इन्सुलिनचा डोस चढत जातो. आईबापांना वाटतं मुलगा चोरून खातोय. दर वेळी तसं नसतं.

ज्याच्या स्वादुपिंडात दम आहे तो हा भार काही महिने पेलतो. तुमचं तसं असेल असं मला वाटत नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांना आहेच. शिवाय आपल्या मातीचा एक प्रश्न आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीवाले, म्हणजे आपण. वजनाच्या मानाने स्नायू कमी, पोटात चरबी जास्त, त्यामुळे इन्सुलिन आधीच जास्त खर्च होतंय. परदेशी प्रयोगांतल्या खेळाडूने जे पचवलं ते तुम्ही पचवालच असं नाही.

इथे हुशार माणूस विचारतो की पोटातली चरबी घटली तर इन्सुलिनचं काम सोपं व्हायला नको का? प्रश्न बरोबर आहे. चरबी घटल्याचा फायदा हळूहळू, महिन्यांनी मिळतो. साखर अडवण्याचा तोटा पहिल्या दिवसापासून. खऱ्या कमतरतेच्या रुग्णात छोट्या डोसवर हे दोन्ही पुढे साधारण तोलले जातात. आम्ही प्रौढांना सुरुवात ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमने करतो, म्हणजे एक युनिटपेक्षा कमी. तेही आयजीएफ-१ बघत, महिन्या-दीड महिन्याने वाढवत. तुमच्या ट्रेनरचे ४ युनिट म्हणजे १.३ मिलिग्रॅम, पहिल्या दिवसापासून, ज्याच्यात कमतरता नाही अशा माणसाला.

चयापचय 'वाढतो' म्हणतात तेही ऐका. विश्रांतीतली ऊर्जा थोडी जास्त खर्च होते, खरं आहे. ग्रोथ हॉर्मोन थायरॉइडच्या टी-४ चं जास्त क्रियाशील टी-३ मध्ये रूपांतर वाढवतं, आणि ऊतींमध्ये कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सावरणारं हॉर्मोन, पुन्हा तयार होणं कमी करतं. निरोगी माणसाला याचं फार काही जाणवत नाही. पण बाळंतपणात भयंकर रक्तस्राव होऊन पिट्युटरी मेलेल्या बायका आमच्याकडे येतात, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध आलंच नव्हतं, पाळी परतली नाही, दहा वर्षं 'अशक्तपणा'च्या गोळ्या खातेय. तिला ग्रोथ हॉर्मोन द्यायचं तर आधी कॉर्टिसोल आणि थायरॉइड भरून घ्यावं लागतं. नाहीतर झाकलेली कमतरता उघडी पडून ती कोसळू शकते. हे मी घाबरवायला सांगत नाही. एक दोरी ओढली की आणखी चार हलतात, आणि त्या कुठे बांधल्यात हे ट्रेनरला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र घाबरवण्यासाठीच लिहितो. साखर वाढली की काही ठिकाणी 'सोबत इन्सुलिन जोडू, मसल अजून येईल' असा सल्ला मिळतो. निरोगी माणसाने इन्सुलिन टोचलं, जेवण चुकलं आणि झोप लागली, तर तो उठेलच याची खात्री नाही. ही सूचना आली त्या दिवशी जिम बदला.

गोळ्यांत मिळणारं एमके-६७७ विचारलं नाहीत, पण विचाराल. ते पिट्युटरीला ढकलून तिचंच हॉर्मोन वाढवतं. भूक वाढवतं, पाणी धरतं, उपाशीपोटीची साखर वाढवतं. औषध म्हणून त्याला मान्यता नाही. तुमच्या पोटाला भूक वाढवणारी गोळी कशाला, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

मालाबद्दल थोडक्यात. ही प्रथिनाची नाजूक साखळी आहे, १९१ अमिनो आम्लांची, आणि ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात कुणाच्या तरी सॅकमधून अंबरनाथहून लोकलने आलेल्या कुपीत काय उरलंय, किंवा मुळात काय होतं, सांगता येत नाही.

तुम्ही काय करावं? एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर बघा, यकृताची सोनोग्राफी करा. घोरत असाल तर ते सांगा. झोपेबद्दल लोक अतिशयोक्ती करतात. रात्रीची लाट चुकली तर शरीर दिवसा बरीचशी भरपाई करतं, त्यामुळे 'बारानंतर झोपलात, ग्रोथ हॉर्मोन गेलं' हे तितकंसं खरं नाही. पण पाच तास झोपणाऱ्याची भूक आणि साखर दोन्ही बिघडतात, आणि भांडुप ते बीकेसी करून जिम करणारा माणूस पाच तासच झोपत असणार. जेवणात प्रथिनं किती, हे दीड वर्षात कुणी मोजलंय का? तुमचं पोट न हलण्याचं उत्तर बहुधा तिथे आणि संध्याकाळी सातच्या खाण्यात सापडेल. पोट ३७ वरून ३४ वर आलं तर तुमच्या स्वतःच्या लाटा आपोआप उंच होतील, फुकट, आणि साखर न वाढवता.

आणि शेवटचा प्रश्न, महिनाभर घेऊन थांबवलं तर? तुमची पिट्युटरी कायमची झोपणार नाही. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांची स्वतःची निर्मिती जशी महिनोन्‌महिने बंद पडते तसं इथे होत नाही, थोड्याच दिवसांत लाटा परत सुरू होतात. साठलेलं पाणी दोनेक आठवड्यांत लघवीवाटे जाईल, म्हणजे मशीनवरचा 'मसल' आधी जाईल. चरबी त्यानंतर सावकाश परतेल. मित्राला थांबवल्यानंतर दोन महिन्यांनी त्याच मशीनवर उभं राहायला सांगा, आणि त्याच दिवशी त्याची उपाशीपोटीची साखर करून घ्या. पैसे आगाऊ दिले असतील तर ते आत्ताच मागा, कुपी हातात पडण्याआधी.